पुरात सर्व्हर बुडतो, वादळात नेट जातं

नमस्कार दादा,
आमचा कुडाळजवळ काजूचा कारखाना आहे, बाबांनी सुरू केलेला, आता मी बघते. साधारण चाळीस बायका कामाला, हायवेला एक दुकान आणि पुण्यात छोटं गोडाऊन. ऑफिसात टेबलाखाली एक जुना सर्व्हर आहे, चालू करताना विंडोज सर्व्हर २०१२ आर २ असं येतं. त्यावर हिशोबाचं टॅली आहे, बी खरेदी-मजुरी-लॉटचा प्रोग्राम आहे जो बाबांच्या ओळखीतल्या काकांनी पंधरा वर्षांपूर्वी व्हीबी या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहून दिला आणि त्याला वजनकाटा केबलने जोडलाय, शिवाय हजेरी मशीनचं सॉफ्टवेअर, डीलर ऑर्डरचा एक प्रोग्राम आणि एक शेअर फोल्डर ज्यात लॅब रिपोर्टपासून बॉक्सच्या डिझाईनपर्यंत सगळं पडलेलं असतं. वेबसाईट आणि ईमेल बाहेरच्या होस्टिंगवर, मेलबॉक्स दर महिन्याला फुल. पुण्याचा भाऊ आयटीत आहे, तो म्हणतो सगळं उचलून क्लाऊडवर टाक, एका वीकेंडचं काम. एका कंपनीने साडेनऊ लाखांचं कोटेशन दिलंय, जुनं फेकून सगळं नवीन लिहून देतो म्हणतात. प्रोग्रामवाले काका म्हणतात क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपला डेटा, नकोच. आणि बाबा म्हणतात, "ह्या चालता हा मां, मगे कित्याक हात लावतंस?" कोणाचं ऐकू?
— गोंधळलेली काजूवाली

ताई, पत्र वाचून आधी हसलो आणि मग बरं वाटलं, कारण सर्व्हरवर काय काय आहे याची यादी तुम्ही न मागता दिलीत. बहुतेक लोक यादी करतच नाहीत, थेट विचारतात क्लाऊडला महिन्याला किती पडतील. आता खरं सांगू का, तुमच्या घरातले तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत, भाऊ टॅलीपुरता, काका वजनकाट्यापुरते, बाबा हजेरीपुरते. घोळ एवढाच की प्रत्येकजण आपलं उत्तर सगळ्याला लावतोय. कोटेशनवाल्यांकडे नंतर येतो.

दोन गोष्टी सांगतो आधी, म्हणजे मी असा का बोलतोय ते कळेल.

२२ जुलै २०२१, चिपळूण. बाजारपेठेत माझं एक गिऱ्हाईक, हार्डवेअरचं होलसेल दुकान, सर्व्हर तळमजल्यावर. बॅकअप रोज रात्री व्हायचा, अगदी नियमाने, एका एक्स्टर्नल हार्डडिस्कवर, आणि ती डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. वाशिष्ठीचं पाणी आलं आणि मशीन आणि बॅकअप दोन्ही एकाच पाण्यात गेले. ड्रॉवरची ती जागा मीच सुचवली होती, कुलूप लागतं म्हणून. पुढचे तीन महिने त्यांनी गिऱ्हाइकांना फोन करकरून आपलीच उधारी विचारली, तुम्ही आमचे किती देणं लागता हो. लोक चांगले निघाले म्हणून निभावलं.

आता दुसरी गोष्ट, त्याच्या वर्षभर आधीची. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली, सगळीकडे पोल आडवे, लाईट कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे नाही, मोबाईल टॉवर मुके. दापोलीकडच्या एका ओळखीच्या माणसाने वर्षभरापूर्वीच सगळं क्लाऊडवर नेलेलं आणि मला ऐकवायचा की तुमच्यासारखे अजून डबे सांभाळत बसलेत. त्याचा डेटा एकदम सुखरूप होता, फक्त अकरा दिवस तो त्याला बघता आला नाही. जनरेटर होता हो, पण जनरेटरवर नेट येत नाही. मजुरी वहीवर वाटली, आणि कोणाची किती उचल बाकी ते बायकांनाच विचारलं.

म्हणजे पूर आला तर क्लाऊड पाहिजे आणि वादळ आलं तर जवळ पाहिजे, आणि आपल्याकडे दोन्ही येतात. कुडाळात भंगसाळ तुम्हाला काय मी सांगायला नको, आणि लाईट गेली की काय होतं तेही नको. म्हणून 'क्लाऊडवर जाऊ का' हा प्रश्नच बाजूला ठेवा. प्रत्येक प्रोग्रामला दोन प्रश्न विचारा. एक, हा आत्ता बंद पडला तर किती वेळ त्याच्याशिवाय ढकलता येईल? दोन, शेवटच्या किती वेळचं काम पुन्हा हाताने भरायची तयारी आहे, एक तासाचं, एक दिवसाचं, की आठवड्याचं? या दोन उत्तरांवरून अर्ध्याहून जास्त निर्णय आपोआप होतात, आणि ती उत्तरं तुमच्याकडे आहेत, पुण्यात नाहीत आणि माझ्याकडेही नाहीत.

आता प्रत्येक प्रोग्रामचं करायचं काय, या पर्यायांना आमच्या धंद्यात 'सात आर' म्हणतात. आधी गार्टनर या सल्लागार कंपनीने पाच पर्याय सांगितले, मग अ‍ॅमेझॉनच्या लोकांनी सहा केले, आता सात, सगळी नावं इंग्रजी आर वरून सुरू व्हावीत म्हणून बरीच ओढाताण केलेली. मराठीत सांगायचं तर, बंद करा, आहे तिथे राहू द्या, जसंच्या तसं उचलून न्या, थोडं ठाकठीक करून न्या, सोडून तयार सेवा विकत घ्या, नव्याने लिहा. सातवा पर्याय मोठ्या डेटा सेंटरवाल्यांसाठी, तो तुमच्या कामाचा नाही.

सगळ्यात सोप्यापासून सुरू करू. डीलर ऑर्डरचा प्रोग्राम. ताई, तो उघडा आणि शेवटची एंट्री कधीची आहे ते बघा. मी पैज लावतो की डीलर कधीच व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेत आणि तो प्रोग्राम फक्त "असू दे" म्हणून चालू आहे. तसं असेल तर त्याला कुठेही नेऊ नका, बंद करा. फक्त त्याआधी सगळा डेटा एक्सेल आणि पीडीएफमध्ये काढून ठेवा, कारण जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने ठेवावे लागतात आणि तुमचे सीए बरोब्बर तेव्हाच मागतील जेव्हा तुम्ही डिलीट करून झालेलं असेल. लोक माळ्यावरचं सामान टेम्पोत भरून नव्या घराच्या माळ्यावर टाकतात ना, तसं क्लाऊडमध्ये फार होतं, आणि तिथे माळ्याचं पण भाडं लागतं.

ईमेल आणि शेअर फोल्डर, यात विचार करण्यासारखं काही नाही. गूगल, मायक्रोसॉफ्ट नाहीतर आपल्या चेन्नईच्या झोहोची मेल आणि ड्राइव्ह घ्या, माणशी महिन्याचे पैसे भरा, विषय संपला. डोमेन तुमच्या नावावर आहे की वेबसाईट बनवणाऱ्याच्या नावावर ते मात्र आधी तपासा, त्याच्या नावावर असेल तर गोड बोलून आजच बदलून घ्या. लॉगिनला सगळ्यांना दोन पायऱ्यांचं, म्हणजे पासवर्ड अधिक मोबाईलवरचा कोड.

हजेरी मशीन आहे तिथेच राहू दे. दरवाज्यावर मशीन, शेजारी पीसी, महिन्यातून एकदा फाईल निघते. बाबांचं वाक्य इथे शंभर टक्के लागू.

आता टॅली. इथे भावाचं ऐका, पण अर्धं. टॅली उचलून क्लाऊडवरच्या एका विंडोज मशीनवर ठेवायचं आणि तुम्ही, अकाउंटंट, पुण्याचा माणूस, सीए, सगळ्यांनी रिमोट डेस्कटॉपने त्यात शिरायचं, हे बरं चालतं, कारण टॅली आणि त्याचा डेटा एकाच मशीनवर राहतात, तारेतून फक्त स्क्रीनचं चित्र येतं आणि तुमची बटणं जातात. तुमच्या तिन्ही जागा एकाच पुस्तकावर येतील, पुण्याहून पेनड्राईव्ह येईपर्यंत थांबायला नको. पण टॅलीचा डेटा फोल्डर गूगल ड्राइव्हमध्ये टाकून दोन ठिकाणी सिंक करायचा शहाणपणा कोणी सुचवला, आणि कोणीतरी सुचवणारच, तर हात जोडा. दोन माणसांनी एकाच वेळी उघडलं की टॅलीतली 'कंपनी', म्हणजे तुमचा सगळा हिशोब, करप्ट होते, आणि मग मार्च महिन्यात रडारड.

भावाला दोन गोष्टी ठणकावून सांगा. एक, त्या मशीनचं रिमोट डेस्कटॉपचं दार, ३३८९ नंबरचा पोर्ट, उघडं इंटरनेटवर सोडायचं नाही, व्हीपीएनच्या, म्हणजे नेटवरच्या आपल्या खाजगी कुलूपबंद वाटेच्या, आत ठेवायचं. जगभर लोक दिवसरात्र तो पोर्ट ठोकत बसलेले असतात आणि एकदा का आत शिरून फाइली लॉक केल्या की खंडणी मागतात, त्यांना कुडाळ काय नि कॅलिफोर्निया काय. दुसरं, विंडोज सर्व्हरवर एकावेळी दोनच जणांना शिरता येतं आणि तेही देखभालीसाठी, तुम्ही चौघं शिरणार तर रिमोट डेस्कटॉपची वेगळी लायसन्स लागतात. हा खर्च पहिल्या अंदाजात कधीच नसतो, दुसऱ्या बिलात असतो. टॅलीचं लायसन्स नव्या मशीनवर कसं न्यायचं तेही तुमच्या टॅली पार्टनरला आधी विचारा, आयत्या वेळी नको. आणि हायवेच्या दुकानात वेगळ्या सिरीजचं छापील बिलबुक ठेवा, जीएसटीत एकापेक्षा जास्त सिरीज चालतात. चौपदरीकरणवाल्यांच्या जेसीबीने फायबर तोडली की काउंटरवरचं गिऱ्हाईक बिलासाठी थांबणार नाही, ते पुढच्या दुकानात जाईल.

आता खरी गाठ, काकांचा प्रोग्राम. यावर जरा वेळ देतो कारण साडेनऊ लाख इथेच आहेत.

समजा भाऊ म्हणाला की प्रोग्राम कारखान्यातल्या पीसीवरच राहू दे, फक्त डेटाबेस क्लाऊडवर नेऊ. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं, प्रोग्राम जवळ आणि डेटा सुरक्षित. पण बघा काय होतं. त्या काळचे बरेचसे प्रोग्राम डेटाबेसला एकेक ओळ वेगळी विचारतात, ही बाई, हा दिवस, किती किलो? पुढचा दिवस, किती किलो? चाळीस बायका, महिन्याचे २६ दिवस, झाल्या १,०४० फेऱ्या. सर्व्हर टेबलाखाली असताना एका फेरीला अर्धा मिलिसेकंद (सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिसेकंद) धरला तरी अर्ध्या सेकंदात मजुरीचा कागद हातात. तोच डेटाबेस मुंबईला ठेवलात आणि जायला-यायला चाळीस मिलिसेकंद धरले तर चाळीसेक सेकंद स्क्रीन गोठलेली, आणि हे नेट चांगलं असताना. क्लार्क पहिल्या दिवशी थांबेल, दुसऱ्या दिवशी तीनदा एंटर मारेल आणि तिसऱ्या दिवशी वहीवर लिहायला लागेल. स्पीड वाढवून हे सुटत नाही हो, शंभरचं कनेक्शन तीनशेचं केलं तरी फेरीला लागणारा वेळ तोच, पाइप जाड झाला म्हणून मुंबई जवळ येत नाही. म्हणून प्रोग्राम आणि त्याचा डेटा यांची ताटातूट करू नका, नेलात तर दोघांना एकत्र न्या नाहीतर दोघांना इथेच ठेवा.

आणि एकत्र न्यायला आडवा येतो तुमचा वजनकाटा. त्याची केबल मागच्या कॉम पोर्टात जाते, आकडा थेट स्क्रीनवर येतो, आणि बायकांचा त्या आकड्यावर विश्वास आहे कारण तो डोळ्यांसमोर उमटतो. क्लाऊडवरच्या मशीनला कॉम पोर्ट कुठून आणणार? जुगाड आहेत, केलेत मी, लाईन जरा डळमळली की काटा गायब होतो आणि पाटी घेऊन उभ्या असलेल्या पंधरा जणी तुमच्याकडे बघत राहतात.

तर या वर्षी माझा सल्ला, हा प्रोग्राम इथेच ठेवा पण आहे तसा नाही. विंडोज सर्व्हर २०१२ आर २ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, म्हणजे तेव्हापासून त्याला भोकं बुजवणारे नेहमीचे अपडेट येत नाहीत. नवीन साधं मशीन घ्या, वर चांगला यूपीएस. व्हीबी ६ मध्ये प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट २००८ सालीच संपला पण त्यात बनवलेले प्रोग्राम आजच्या विंडोजवरही चालतात, त्यामुळे तेवढ्यासाठी घाबरू नका. डेटाबेस बहुतेक मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस असणार, त्याची नवी व्हर्जन फुकट मिळते, फक्त एका डेटाबेसला साइझची मर्यादा आहे (२०२२ च्या व्हर्जनपर्यंत १० जीबी), तुमची फाईल किती झालीय ते बघून ठेवा. आणि रोज रात्री, सीझनमध्ये दर तासाला, बॅकअप कुलूपबंद करून मुंबईच्या क्लाऊड स्टोरेजवर गेला पाहिजे. एक्सप्रेसमध्ये वेळापत्रक लावायची सोय दिलेलीच नाही, ते विंडोजच्या टास्क शेड्युलरने करावं लागतं, हे माहीत नसल्यामुळे "बॅकअप लावलाय" असं समजून बसलेले निदान चार कारखाने मी पाहिलेत. अशाने पूर आला तर फार तर एका दिवसाचं, सीझनमध्ये तासाभराचं, काम जातं आणि वादळ आलं तर काटा, प्रोग्राम, मजुरी जनरेटरवर चालू राहते.

महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघायचा. उघडला नाही तर तो बॅकअप नव्हताच.

काकांकडे मात्र आधी जा. सोर्स कोड मागा. रागावतील, त्यांना वाटेल काढून टाकतायत. घरचं आगळ घेऊन जा, तासभर बसा, त्यांना सांगा प्रोग्राम टिकवायचाय म्हणूनच मागतोय. माणूस सत्तरीला आलाय आणि तुमच्या चाळीस घरांची मजुरी त्यांच्या घरातल्या एका हार्डडिस्कवर टेकलीय, हे मला सगळ्या क्लाऊड-बिऊडपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं.

आता कोटेशनवाले. नव्याने लिहिणं वाईट नाही, कधीतरी ते करावंच लागणार, पण त्यांना विचारा की ओल्या बीची किती घट धरता? तुकडा जास्त पडला तर कटिंगचा दर कसा बदलतो? शिमग्याची उचल कुठल्या महिन्यापासून आणि किती हप्त्यांत कापायची, आणि एखादीने मध्येच काम सोडलं तर? यातलं काहीही त्यांच्या कोटेशनमध्ये नसणार, कारण हे कुठेच लिहिलेलं नाही, ते काकांच्या कोडमध्ये आणि तुमच्या सुपरवायझर बाईंच्या डोक्यात आहे. नव्याने लिहायला पैसा लागतो तो स्क्रीन बनवायला नाही, हे असले पंधरा वर्षांचे न लिहिलेले नियम खणून काढायला, आणि ते अर्धवट खणले की पहिल्याच पगाराला कारखान्यात आवाज चढतो.

करायचंच असेल तर तुकड्या-तुकड्याने करा. आधी फक्त लॉट आणि गराचा उतारा बघायचा भाग, म्हणजे कुठल्या बीमधून किती डब्ल्यू २४० प्रतीचा गर निघाला, किती ३२०, किती तुकडा, जो तुम्हाला पुण्याहून मोबाईलवर बघायचा असतो, तो क्लाऊडवर नवा लिहून घ्या, त्याला रात्रीच्या डेटाची कॉपी पुरते. ते नीट चाललं की खरेदी. मजुरी सगळ्यात शेवटी, आणि तेव्हाही दोन महिने जुनं-नवं समांतर चालवून दोन्ही कागद जुळवायचे. सोर्स कोड तुमचा राहील आणि डेटा कधीही पूर्ण काढून देऊ, हे लेखी घ्या. ते तयार नसतील तर चहा पाजा आणि पाठवून द्या.

वेबसाईट दिवाळी संपेपर्यंत हलवू नका, गिफ्ट बॉक्सच्या ऑर्डरी त्यावरून येतात. नंतर तयार ऑनलाईन दुकानाच्या सेवेवर न्या.

पैशाचं थोडं. क्लाऊडचं मशीन तासावर असतं. महिन्याचे ७२० तास चालू ठेवायची सवय घालू नका, टॅली बारा तास आणि २६ दिवस म्हणजे ३१२ तास, मशीनचं भाडं निम्म्याहून कमी. डिस्कचं भाडं मात्र मशीन बंद असलं तरी लागतं आणि डेटा बाहेर काढायचेही पैसे पडतात. वर १८ टक्के जीएसटी, त्याचं क्रेडिट मिळेल, खात्यात तुमचा जीएसटी नंबर पहिल्या दिवशी टाका. ठरावीक आकडा ओलांडला की मोबाईलवर मेसेज येईल अशी सूचना लावा. वर्षाची किंवा तीन वर्षांची कमिटमेंट दिली की सूट मिळते, पण तीन महिने वापर बघितल्याशिवाय सही नको. जागा भारतातलीच निवडा, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात आहे, अ‍ॅमेझॉन आणि गूगलचं मुंबईत, जवळ म्हणून फेरी छोटी. शिवाय तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर २०२२ पासून हिशोबाच्या पुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर ठेवायचा नियम आहे आणि १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी काय बदललं याची नोंद बंद करता येत नाही. सीएंना एकदा विचारून घ्या.

काकांचं ते 'दुसऱ्याचा कॉम्प्युटर' बरोबरच आहे बरं का. क्लाऊडवाले मशीन चालू ठेवतात, तुमच्या क्लार्कने चुकून डिलीट केलेली कंपनी परत आणून देत नाहीत, त्याचा बॅकअप तिथेही आपणच लावायचा.

वेळ कधीची? मार्चअखेर नको, मार्च ते मे बीची खरेदी म्हणून नको, दिवाळी नको. डिसेंबर-जानेवारी बरा, आणि टॅली हलवायचं ते २० तारखेचं रिटर्न भरून झाल्यावर. मेल आणि फोल्डर आत्तासुद्धा चालेल. दोन कंपन्यांची नेट कनेक्शन घ्या, एक फायबर आणि एक सिमचं.

गणपतीला भाऊ येईलच. त्याला आरती झाली की ऑफिसात बसवा आणि टॅलीचं एक चाचणी मशीन लावून घ्या, मुद्दाम त्याच दिवसांत, कारण सगळे चाकरमानी गावात आणि प्रत्येकाच्या हातात व्हिडिओ कॉल, वर्षातलं सगळ्यात रडकं नेट तुम्हाला तेव्हाच मिळेल. दीड दिवसाच्या विसर्जनाला संध्याकाळी सहा वाजता रिमोट डेस्कटॉपवर दहा बिलं करून बघा. झाली तर बाकीच्या वर्षाची चिंता नाही, अडकत अडकत झाली तर सिमचं कनेक्शन बदला, आणि झालीच नाहीत तर टॅलीही सध्या राहू दे जागेवर, त्याचाही बॅकअप मुंबईला पाठवा आणि मला परत लिहा.

आणि सर्व्हर टेबलाखाली आहे असं लिहिलंयत. पाऊस अजून आहे. तो आज संध्याकाळी टेबलावर घ्या.